आण्णांच्या छातीतल्या यंत्राचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो?

वरुणतीर्थ | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट घरात बोलून संपत नाहीये.

आमच्या आण्णांना (वय ७३, सगळा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे नमुने (पॅटर्न) बनवण्यात गेला) गेल्या श्रावणात आयसीडी बसवलं. पेसमेकरचाच मोठा भाऊ. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पानाच्या चपट्या डबीएवढं. ठोका मंदावला तर सावरतं आणि हृदय भलत्याच वेगाने फडफडायला लागलं तर आतून शॉक देऊन ताळ्यावर आणतं. आण्णांच्या हृदयाचं पंपिंग २८ टक्क्यांवर आलं होतं, डॉक्टर म्हणाले थांबू नका. थांबलो नाही. आण्णा आज दारात बसून पेपर वाचतात ते त्या यंत्रामुळे, हे आधीच सांगून ठेवते.

यंत्राबरोबर एक पांढरं खोकं मिळालं. पलंगाजवळ ठेवायचं, प्लग काढायचा नाही, एवढं सांगितलं. आम्ही ते देव्हाऱ्याशेजारच्या कट्ट्यावर ठेवलंय. रात्री आण्णा झोपले की खोकं छातीतल्या यंत्राशी बिनतारी बोलतं, नोंदी घेतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं. तिथून त्या डॉक्टरांना दिसतात. हिरवा दिवा लागला की आई म्हणते, "गेलं बघ पत्र."

आता घडलेल्या दोन गोष्टी.

दिवाळीनंतर एका पहाटे आण्णांना शॉक बसला. झोपेतच. छातीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं म्हणाले. मी आणि भाऊ त्यांना घेऊन गेलो, तपासणी झाली, गोळ्या बदलल्या. आईला बीपीचा त्रास, म्हणून तिला "नेहमीचं चेकिंग" एवढंच सांगितलं. तीन दिवसांनी आई गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभी होती, तर पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाने तिला विचारलं, "काकू, आण्णांना रात्री शॉक बसला म्हणे, आता बरे आहेत ना?" आई तिथेच कठड्यावर बसली. तो मुलगा औषधाच्या लाइनीत आहे. रुग्णालयातल्या कुणीतरी त्या दिवशीच्या तपासणीच्या कागदाचा फोटो कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यासाठी टाकला होता. त्यावर आण्णांचं नाव, वय, यंत्राचा क्रमांक, शॉकची वेळ, सगळं. ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं. तो त्यातला एक. मुलगा वाईट नाही, काळजीनेच विचारलं त्याने.

दुसरी गोष्ट गेल्या आठवड्यातली. कंपनीचं रुग्णांसाठी अ‍ॅप आहे असं कळलं, म्हणून आण्णांसाठी घालायला गेले. जन्मतारीख टाकली, यंत्राचा क्रमांक टाकला. पडद्यावर आलं, "५७ ने संपणाऱ्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे." आमच्या घरात कुणाचाच नंबर ५७ ने संपत नाही. आण्णांचा नाही, माझा नाही, भावाचा नाही.

शोधलं. तो नंबर निघाला ऑपरेशनच्या दिवशी आलेल्या कंपनीच्या माणसाचा. मी तेव्हा बिलिंगच्या खिडकीत उभी होते, भाऊ रक्ताच्या सोयीला गेला होता, फॉर्म त्याने भरला आणि मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकून मोकळा झाला. त्यात तो माणूस आता त्या कंपनीतही नाही.

मी सहकारी बँकेत काम करते. कुणाच्या खात्याला परक्याचा मोबाइल जोडलेला दिसला तर आम्ही व्यवहार काउंटरवरच थांबवतो, मग खात्यात पाचशे रुपये का असेनात. इथे माझ्या बापाच्या हृदयाचं खातं सहा महिने परक्या माणसाच्या फोनला बांधलेलं होतं आणि कुणाला काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही, मी तो फॉर्म कधी मागितलाच नव्हता.

विचारायचं ते असं. या खोक्यातून नेमकं काय काय जातं? कोण कोण बघतं? हवेतून कुणी चोरू शकतं का? आणि हे सगळं नको वाटलं तर खोकं बंद करणं बरोबर आहे का?

---

कळंब्याचा | रविवार, रात्री १०.५२

ताई, मी तर म्हणतो प्लग काढूनच टाका. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २००७ साली यंत्र बदलताना त्यातली बिनतारी सोयच बंद करून घेतली होती. का, तर कुणीतरी लांबून यंत्रात घुसून जीव घेईल. २०१३ मध्ये टीव्हीवर त्यांनी स्वतः सांगितलं. एवढा बंदोबस्तातला माणूस भितो, तर आपण कोण? माझ्या मामांना पुढच्या महिन्यात बसवायचंय, वाचून झोप उडाली.

---

तरंगलांबी | रविवार, रात्री ११.४०

कळंब्याचा, थांबा जरा. वरुणतीर्थ ताई, खोकं बंद करू नका. का ते सविस्तर लिहितो. मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात, वैद्यकीय उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९ वर्षं काढली.

आधी भीतीत खरं किती ते बघू. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी, त्यात केविन फू आणि तादायोशी कोनो ही मंडळी होती, त्या वेळचं एक आयसीडी टेबलावर ठेवलं आणि बाजारात मिळणारी रेडिओची साधनं वापरून त्याचं बोलणं ऐकलं. रुग्णाचं नाव, निदान, सगळं उघडं. कुलूप नाहीच. पुढे जाऊन त्यांनी त्याला आज्ञाही देऊन दाखवली, शॉकचीसुद्धा. पण हे काही सेंटिमीटर अंतरावरून. यंत्र माणसाच्या अंगात नव्हतं.

नंतरच्या यंत्रांचा पल्ला वाढला, कारण खोकं पलंगाशेजारी ठेवायचं तर छातीला टेकवून चालत नाही. वैद्यकीय यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, तो काही मीटर जातो. पल्ला वाढला तशी जबाबदारीही वाढायला हवी होती, ती मागे राहिली. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने मेडट्रॉनिक कंपनीच्या कॉनेक्सस नावाच्या बिनतारी पद्धतीबद्दल इशारा दिला. समोरचा कोण आहे हे यंत्र विचारत नव्हतं आणि बोलणं सांकेतिक केलेलं नव्हतं. धोक्याला १० पैकी ९.३ गुण दिले होते. अंतर सुमारे ६ मीटर, तेही यंत्राचा रेडिओ जागा असेल तेव्हाच. त्याच्या आधी २०१७ मध्ये सेंट ज्यूड कंपनीच्या (तोवर ती अ‍ॅबटकडे गेली होती) अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांना नवं सॉफ्टवेअर घालावं लागलं. घरबसल्या नाही, प्रत्येक रुग्णाने दवाखान्यात जायचं. काम तीनेक मिनिटांचं, पण तेवढा वेळ पेसमेकर राखीव पद्धतीवर, मिनिटाला ६७ ठोके.

आता दुसरी बाजू. या दोन्ही प्रकरणांत कुणा रुग्णाला प्रत्यक्ष इजा झाल्याची नोंद नव्हती. आणि २०१९ च्या त्या इशाऱ्यातही अमेरिकी औषध प्रशासनाने रुग्णांना घरचा मॉनिटर चालूच ठेवा असंच सांगितलं होतं. त्यांनी तोलून बघितलं आणि पारडं त्या बाजूला झुकलं.

तेव्हा चेनींची गोष्ट खरी, पण ती चेनींची. त्यांच्या वाईटावर असणारी माणसं आणि त्या माणसांकडची साधनं वेगळी. आण्णांच्या बाबतीत चोर हवेतून येणार नाही. तो फॉर्मच्या रकान्यातून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून आला आहे, हे तुमच्याच लिहिण्यात आहे.

---

ठोका | सोमवार, सकाळी ६.२०

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. कुठे ते लिहीत नाही. घडलं ते चुकीचं घडलं, नाव असलेला कागद ग्रुपवर जायला नको होता. पण दोन गोष्टी सांगू द्या.

पहिली, तो कंपनीचा माणूस तिथे का असतो? यंत्र तपासायला जो संगणक लागतो त्याला आम्ही प्रोग्रामर म्हणतो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. छोट्या रुग्णालयात चार कंपन्यांचे चार प्रोग्रामर कुठून असणार? मग तो माणूस बॅगेतून घेऊन येतो, छातीवर वँड (यंत्राशी बोलणारा, हातात धरायचा भाग) ठेवतो, आकडे काढतो, मी निर्णय घेतो. तो नसेल तर भुदरगड, राधानगरीच्या पेशंटला तपासणीसाठी पुण्याला जावं लागेल.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅप. रात्री दोन वाजता गारगोटीहून एखादा ज्युनिअर ईसीजीची पट्टी (ठोक्यांचा आलेख) पाठवतो, मी अंथरुणातून उत्तर देतो, माणूस वाचतो. असे कितीतरी. हे बंद करा म्हणणाऱ्यांनी ती रात्र बघितलेली नसते.

आणि खोक्याबद्दल. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इन-टाइम नावाचा अभ्यास आला. हृदय कमजोर असलेले आणि असं यंत्र बसवलेले ६६४ रुग्ण. अर्ध्यांवर रोज दुरून लक्ष ठेवलं, अर्ध्यांवर नेहमीसारखं. वर्षभरात पहिल्या गटात १० मृत्यू, दुसऱ्यात २७. सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण म्हणून मी माझ्या पेशंटला प्लग काढ म्हणून कधी सांगणार नाही.

---

वरुणतीर्थ | सोमवार, सकाळी ७.०५

डॉक्टर, मनापासून आभार. प्लग काढत नाही, हे नक्की झालं.

पण ग्रुप बंद करा असं मी म्हटलेलं नाही. शॉकची पट्टी चाळीस डॉक्टरांनी बघितली तरी चालेल. त्यावर आण्णांचं नाव कशाला? आणि ग्रुपमध्ये औषधं विकणारी मंडळी कशाला?

---

बिल्ला_क्रमांक_११ | सोमवार, दुपारी २.३०

३१ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची १२ कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या तपासण्या आणि अशी यंत्रं बसवायच्या खोलीत. ठोका डॉक्टर, आदर ठेवून बोलते.

आमच्याकडे फोटो काढायची वेळ आली की मी आधी मायक्रोपोरची चिकटपट्टी फाडायचे आणि नावावर लावायचे. मग फोटो. मग पट्टी काढून कागद फाइलला. एवढंच. कॅथलॅबच्या ट्रॉलीवर मायक्रोपोर कायम असतो, शोधायला जावं लागत नाही. नवीन मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचे, हात धुण्याच्या बरोबरीने. एकदा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी घाई केली तर मी म्हटलं, सर, तुमच्या आईचा कागद असता तर? थांबले ते.

फॉर्म भरण्याचं म्हणाल तर ताई, सकाळी सहाला पेशंटच्या बायकोपुढे इंग्रजीतला चार पानी कागद ठेवतात, "इथं सही, इथं सही, इथं अंगठा". त्यातलं एक पान ऑपरेशनचं असतं आणि एक माहिती बाहेर पाठवायचं. दोन्हींत फरक आहे हे त्या बाईला कोण सांगतं? मीही प्रत्येक वेळी सांगितलं असं नाही. ट्रॉली बाहेर उभी असायची. त्या न सांगितलेल्या वेळा अजून आठवतात.

---

ओतकाम | सोमवार, रात्री ९.१०

आमची शिरोलीला फाउंड्री आहे. मला स्वतःला २०१९ पासून पेसमेकर आहे, ठोका ३८ वर आला होता. आता मी इंडक्शन भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढत नाही. तिथलं चुंबकीय क्षेत्र यंत्राला गोंधळात टाकू शकतं, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी मालक, मला कोण विचारणार? खाली उभा राहून बघतो.

पण आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात एक वेल्डर होता. त्याला पेसमेकर बसला. त्याने कुणाला सांगितलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावून रोज आर्क वेल्डिंग करत राहिला, कारण सांगितलं तर काम जाईल. एक दिवस चक्कर येऊन मशीनशेजारी पडला तेव्हा कळलं. वाचला. नंतर त्याला स्टोअरला बसवलं, पगार तोच. आधी सांगितलं असतं तरी तेच केलं असतं, मालक म्हणाला. पण पोराला ते कसं माहीत असणार?

माझं म्हणणं एवढंच, की आपली गोष्ट आपल्याला हवी त्यालाच कळेल असा भरवसा असता तर त्याने सुपरवायझरला गुपचूप सांगितलं असतं. सगळ्या शॉपला कळेल या भीतीने तो गप्प बसला.

अंबाबाईच्या देवळात मेटल डिटेक्टर आहे. तिथून चालत निघून जायला हरकत नाही, मात्र रेंगाळू नये आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नये. मी कार्ड दाखवतो. परवा रांगेत मागून कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "पेसमेकरवालेत, सोडा त्यांना". चांगल्या मनानेच म्हणाला. पण पन्नास माणसं वळून बघतात, तेव्हा कसंतरी होतं.

---

कळंब्याचा | सोमवार, रात्री ९.४८

ओतकाम दादा, वाचून गप्प झालो. मामा एमआयडीसीतच आहेत, त्यांना दाखवतो.

तरंगलांबी, एक विचारू? नेमकं जातं काय खोक्यातून? फक्त ठोके?

---

तरंगलांबी | सोमवार, रात्री ११.१५

नाही, ठोक्यांपेक्षा बरंच जास्त. यंत्र कुठलं आणि सोय कुठली चालू केली आहे यावर आहे, पण साधारणपणे बॅटरी आणि तारांची तब्येत, किती टक्के ठोके यंत्राने दिले, वेगाचे झटके कधी आले, रात्रीचा सरासरी ठोका, काही यंत्रांत छातीत पाणी साठतंय का याचा अंदाज. आणि अंगात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे रोज किती तास माणूस हलत होता तेही. अमुक आठवड्यात हा माणूस अंथरुणाला खिळून होता, हे त्यावरून कळतं.

याचं पुढे काय होऊ शकतं याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यात मिडलटाऊन म्हणून गाव आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिथे एका माणसाचं घर जळालं. तो म्हणाला, आग दिसताच सामान भरलं, काठीने खिडकी फोडली, बॅगा बाहेर टाकल्या. पोलिसांनी वॉरंट काढून त्याच्या पेसमेकरची नोंद मिळवली. हृदयरोगतज्ज्ञाने ती बघून मत दिलं, की या तब्येतीच्या माणसाने एवढ्या वेळात एवढं करणं फारसं संभवत नाही. घर पेटवल्याचा आरोप ठेवला. २०१७ च्या जुलैमध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा चालेल असं ठरवलं. खटला उभा राहायच्या आधीच तो माणूस वारला.

तो दोषी होता की नव्हता ते जाऊ द्या. जीव वाचवायला बसवलेल्या यंत्राने मालकाविरुद्ध साक्ष दिली, आणि बसवताना त्याला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

कुणी विचारेल, मग यंत्राला पक्कं कुलूप का लावत नाहीत? लावतात आता, नव्या यंत्रांत बरंच सुधारलं आहे. पण अडचण खरी आहे. समजा आण्णा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघालेत आणि कराडला त्रास झाला. तिथल्या अनोळखी डॉक्टरला यंत्र लगेच उघडता आलं पाहिजे. पासवर्ड आण्णांना आठवत नाही, शुद्धच नाही. यावर २०१३ मध्ये एक फार सुंदर कल्पना मांडली गेली, हार्ट-टू-हार्ट नावाने. बाहेरच्या यंत्राने रुग्णाच्या अंगाला स्पर्श करून त्या क्षणाचा ठोका मोजायचा, आतल्या यंत्रानेही मोजायचा, दोन्ही जुळले तरच दार उघडायचं. ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बारीकसं बदलतं, म्हणून आधीचं चोरून चालत नाही. म्हणजे ज्याचा हात रुग्णाच्या अंगाला लागला आहे त्यालाच किल्ली.

---

शाहूपुरी_कोर्टकचेरी | मंगळवार, सकाळी १०.३०

वकिली करतो. लागेल तेवढंच सांगतो.

ताई, तुमच्या हातात आज काय आहे? २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच नियमांत रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत, त्यांत आरोग्याची माहिती संवेदनशील धरली आहे. नव्या कायद्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत. सिस्टर ज्या चार पानी कागदाबद्दल बोलल्या त्यातलं माहितीचं पान त्या बाईला तिच्या भाषेत मिळालं पाहिजे. दंड २५० कोटींपर्यंत आहे.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती वेगळी काढली होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. हृदयाची नोंद आणि पिझ्झाची ऑर्डर एकाच मापाने मोजणार. हे मला पटलेलं नाही.

---

माहेर_गडहिंग्लज | मंगळवार, रात्री ८.२०

मी पहिल्यांदाच लिहितेय. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना पेसमेकर होता. दहनाआधी तो काढावा लागतो, नाहीतर चितेच्या उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. पंचगंगेवर नेल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, "मशीन आहे का अंगात?" शेणी रचून झाल्या होत्या. परत दवाखान्यात नेलं, काढून घेतला, पुन्हा आलो. तो तास मी विसरू शकत नाही.

हा धागा वाचताना मनात आलं, की काढलेला तो पेसमेकर कुठे गेला? आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यात त्यांचं नाव होतं का? त्यांची शेवटची रात्र त्यात नोंदलेली असेल ना? त्या रात्री मी त्यांच्याजवळ नव्हते. ती नोंद मला कुणी दाखवली असती तर बरं वाटलं असतं की आणखी वाईट, सांगता येत नाही. पण ती आमची होती.

---

तरंगलांबी | मंगळवार, रात्री ९.०२

ताई, हो. यंत्रावर क्रमांक असतो, आणि आत नोंदी असतात. रुग्णाचं नावही आत भरून ठेवायची सोय असते. काढलेलं यंत्र प्रोग्रामरने वाचता येतं. मृत्यू कधी आणि कशाने झाला ते त्यावरून पुष्कळदा कळतं. नातेवाइकांनी मागितलं पाहिजे, आणि त्यांना विचारलं गेलं पाहिजे.

---

शाहूपुरी_कोर्टकचेरी | मंगळवार, रात्री ९.२५

नव्या कायद्यात आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरायचे यासाठी नामनिर्देशनाची सोय आहे. बँकेत वारसाचं नाव लावतो तसं.

---

ठोका | बुधवार, सकाळी ६.४०

कालपासून हा धागा डोक्यात आहे. सिस्टर, मायक्रोपोरचं तुमचं बरोबर आहे. आमच्या ग्रुपमध्ये मी काल रात्री सदस्यांची यादी उघडून बघितली. ६२ जण. त्यातले १४ जण डॉक्टर, नर्स, टेक्निशियन यांपैकी कुणीच नव्हते. काही जण नोकरी बदलून गेलेले, दोघांना मी ओळखतही नाही. त्या १४ जणांना काढलं. नाव झाकल्याशिवाय पट्टी टाकायची नाही असं लिहून वर पिन केलं.

कंपनीच्या माणसाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, तो लागतोच. पण रुग्णाच्या मोबाइलच्या रकान्यात रुग्णाचाच नंबर हवा, हे बघणं माझं काम होतं. माझ्या पेशंटचे फॉर्म आता मी तपासायला घेतले आहेत.

---

वरुणतीर्थ | शनिवार, रात्री ९.३०

मंडळी, सांगायला आले.

बुधवारी रजा टाकून गेले. अर्ज दिला, पोच घेतली. खिडकीतला मुलगा आधी म्हणाला, "असा अर्ज कुणी देत नाही मॅडम." मी म्हटलं, मी देतेय. शुक्रवारी दुपारी बोलावलं. मोबाइल बदलून माझा आणि आण्णांचा लावला. जुना नंबर काढल्याचा कंपनीचा ईमेल माझ्यासमोर दाखवला, त्याची प्रत दिली. ५७ वाल्या नंबरवरून आमच्या खात्यात कुणी शिरलं होतं का हे लेखी विचारलंय, त्याचं उत्तर अजून यायचंय. ते आल्याशिवाय मी सोडणार नाही. ज्याच्या हातून फोटो ग्रुपवर गेला तो टेक्निशियन स्वतः भेटायला आला, चूक झाली म्हणाला. त्याला बघून राग ठेवता आला नाही, २४-२५ वर्षांचा पोरगा, रात्रपाळी करून आलेला.

आणि नोंदीची छापील प्रत मिळाली, सात पानं.

काल संध्याकाळी आण्णा ती घेऊन दारात बसले. आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेला माणूस. चष्मा लावला, आलेखावर नखाने एकेक आठवडा मोजत गेले. हालचालीच्या तासांची रेघ खाली खाली चाललेली, मध्येच एका ठिकाणी वर उडी. बोट तिथेच ठेवून म्हणाले, "हे पोरीचं लग्न." माझ्या मुलीचं, डिसेंबरात झालं. ते दिवसभर मांडवात फिरत होते, बसा म्हटलं तरी ऐकलं नाही. मग पहाटेच्या शॉकची नोंद आली. ४ वाजून ११ मिनिटं. आण्णांनी ते पान आईकडे दिलं आणि म्हणाले, "हे तुला आधी सांगायला हवं होतं." आई काही बोलली नाही, पान बराच वेळ हातात धरून होती.

नंतर मला म्हणाले, "माझ्या छातीतलं गावाला कळलं आणि मी आज बघतोय."

---

कळंब्याचा | शनिवार, रात्री ९.५५

ताई, अर्जात काय लिहिलं ते इथं टाकाल का? मामांच्या वेळी आधीच देतो.

---

वरुणतीर्थ | शनिवार, रात्री १०.२०

टाकते. नाव, तारीख, यंत्राचा क्रमांक (कार्डावर असतो) वर लिहा, खाली हे:

"माझ्या वडिलांच्या छातीतील यंत्राची नोंदणी ज्या मोबाइल क्रमांकावर व ईमेलवर आहे, ते कळवावे. त्यात आमच्याखेरीज कुणाचाही क्रमांक असल्यास तो काढून खालील क्रमांक लावावा व तसे लेखी द्यावे. घरच्या मॉनिटरमधून जाणारी माहिती कोणकोणत्या व्यक्ती व संस्था पाहू शकतात, ती कोठे साठवली जाते, हे मराठीत लेखी मिळावे. आजवरच्या सर्व तपासण्यांच्या नोंदींची प्रत मिळावी. सल्ल्यासाठी कागदाचा फोटो पाठवावा लागल्यास नाव, वय व यंत्राचा क्रमांक झाकावा. आम्ही सही केलेल्या सर्व संमतीपत्रांची प्रत मिळावी."

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का मारून घ्या, शिक्क्यावर तारीख आहे ना बघा. मामांचा नंबर फॉर्मवर तुम्ही स्वतः लिहा, आणि ऑपरेशनच्या दिवशी बिलिंगच्या खिडकीत दुसऱ्या कुणालातरी उभं करा.